पाळीआधीचे ते आठ दिवस

पाळी जवळ आली की ओटीपोट जड होतं, छाती दुखते, थोडी चिडचिड होते. हे बहुतेक जणींना माहीत आहे. आपण ते धरूनच चालतो. पण काही जणींचं तेवढ्यावर भागत नाही. पाळीच्या आठ-दहा दिवस आधी मनावर असं काही दाटून येतं की लेकराची हाकसुद्धा नकोशी होते, भाकरी थापता थापता रडू फुटतं, सासूच्या साध्या बोलण्यावर भांडं आपटलं जातं. ‘आपण कुणाच्या कामाच्या नाही, मेलेलं बरं’ इथपर्यंत विचार जातो. आणि पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळतं. मग उरते ती शरम. भर बैठकीत वही आपटून ‘मी गट सोडते’ म्हणणारी बाई पुढच्या बैठकीला मान खाली घालून हप्ता भरते, ती यातलीच असू शकते.

घरचे म्हणतात, स्वभावच तापट. कुणी म्हणतं, बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा लावा. डॉक्टर याला पीएमडीडी म्हणतात, म्हणजे पाळीआधी मनाला होणारा तीव्र त्रास. शंभरातल्या साधारण दोन ते पाच जणींना तो होतो. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांनी तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आला.

होतं काय, तर महिन्याच्या मध्यावर बीजकोशातून बीज सुटतं आणि त्यानंतर अंगातले हार्मोन वर-खाली होतात. ते सगळ्याच बायकांचे होतात. पण काहींच्या मेंदूला हा साधा चढउतारही सोसत नाही. हार्मोन बिघडलेले नसतात, म्हणून रक्त तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल येतो. मग ऐकावं लागतं, ‘काही नाही, मनाचे खेळ.’

रक्तात सापडत नाही, ते तारखांत सापडतं. आपल्याला रोजकीर्द लिहायची सवय आहेच. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडता, त्यावरच रोज रात्री एक गोल काढायचा. दिवस बरा गेला तर रिकामा, जरा जड गेला तर अर्धा भरलेला, फारच वाईट गेला तर पूर्ण भरलेला. पाळीच्या दिवसांवर लाल टिंब. लिहिता येत नसलं तरी हे जमतं. असे किमान दोन महिने काढा. रोजच्या रोज काढा. महिन्याच्या शेवटी आठवून भरलेल्या वहीचं काय होतं ते ऑडिटच्या वेळी आपण पाहिलंय!

आता कॅलेंडर वाचा. भरलेले गोल लाल टिंबांच्या आधीच दाटलेत आणि पाळीनंतरचा आठवडा रिकाम्या गोलांचा आहे, असं दोन्ही महिने दिसलं तर पीएमडीडीची शंका घ्यायला जागा आहे. महिनाभर सगळीकडेच भरलेले असतील तर कारण दुसरं असू शकतं: थायरॉईड, रक्त कमी असणं, कायमची उदासी. तरीही डॉक्टरांना दाखवायचंच. आणि नवरा पिऊन मारत असेल, तर मन बिघडायला पाळी लागत नाही. तिथे गोळी हा इलाज नव्हे.

कॅलेंडर घेऊन आशाताईंबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवायला सांगा. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नाही. या त्रासावर ज्या गोळ्या देतात, त्या उदासीसाठीही वापरतात. उदासीत त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, इथे बऱ्याच जणींना काही दिवसांतच बरं वाटतं. काहींना तर फक्त पाळीआधीचे चौदा दिवसच घ्याव्या लागतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही. काही जणींना ठरावीक गर्भनिरोधक गोळ्यांनीही आराम पडतो.

चहा कमी करणं, झोप पुरी घेणं, जेवणात नाचणी, तीळ, दूध ठेवणं, याने हलक्या त्रासाला आधार मिळतो. ‘व्यायाम करा’ असंही सांगतात. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला ते सांगताना माझीच जीभ अडखळते. तिला त्या दिवसांत थोडी विश्रांती मिळाली तरी खूप. कर्जाच्या कागदावर सही, गटाचा राजीनामा, माहेरी निघून जाणं, असले निर्णय मात्र लाल टिंबानंतरच्या आठवड्यावर ढकलावेत.

एक गोष्ट ठणकावून सांगते. ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजकोश आपलं काम करतच राहतात. म्हणजे त्रास तसाच, आणि लाल टिंब नसल्यामुळे तो ओळखणंही अवघड.

हे कॅलेंडर तुमचं आहे. गटातल्या एका विश्वासू सखीला त्या तारखा सांगून ठेवा. पण रास्त तक्रार मांडल्यावर कुणी ‘पाळी आली वाटतं’ म्हणालं, तर तो विषय तिथेच थांबवू देऊ नका.

मरणाचे विचार आले तर मात्र दोन महिने थांबायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, एकट्या राहू नका, घरातली फवारणीची औषधं दुसऱ्याच्या ताब्यात द्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.