पुराणकथेतला आल्फ आणि खेळातला पत्ता

टोकदार कान, सडपातळ बांधा आणि हातात धनुष्य. ‘एल्फ’ म्हटले की हेच चित्र आज डोळ्यांपुढे येते. टॉल्कीन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रभावाखाली वाढलेल्या साहित्यातून हे चित्र पत्त्यांच्या खेळांतही आले. परंतु ज्या विद्यार्थ्याला असा खेळ स्वतः रचावयाचा आहे, त्याने मूळ नॉर्स कथांकडेच जावे. तेथे आल्फ दिसतो कसा, याविषयी फारच थोडे सांगितले आहे. तो करतो काय, हे मात्र सांगितले आहे. पत्त्याला नेमके तेच हवे असते.

हे कसे, ते पाहू. रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली आला. त्यातील प्राण्याच्या पत्त्यावर साधारणतः तीन गोष्टी असतात : किंमत, बळ आणि गुण. किंमत म्हणजे पत्ता मांडताना खर्चावी लागणारी शक्ती; बळ म्हणजे मारण्याची व मार सोसण्याची ताकद; गुण म्हणजे त्या प्राण्याची खास करणी. चित्र मोहक असले तरी डाव चालतो तो या तिघांवर.

आता मूळ कथांतून दोन पत्ते घडवू.

‘कोरमाकच्या गाथे’त एका जखमी माणसाला सल्ला मिळतो : जवळच्या टेकडीत आल्फ राहतात, तिच्यावर बैलाचे रक्त शिंपड, मांसाची मेजवानी दे, म्हणजे बरा होशील. येथे आल्फ लढत नाही, देवघेव करतो. म्हणून ‘टेकडीचा आल्फ’ स्वस्त असावा, त्याला हल्ला करता येऊ नये. पण आपला एक प्राणी बळी दिल्यास त्याने दुसरा बरा करावा.

दुसरा व्होलुंड लोहार. प्राचीन काव्यात त्याला आल्फांचा अधिपती म्हटले आहे. राजा त्याला पकडतो, पायांच्या शिरा तोडतो व बेटावर दागिने घडवावयास बसवतो. व्होलुंड राजपुत्रांना ठार मारून सूड घेतो आणि हवेत उडून जातो. हा पत्ता प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला मांडावा. दोन खेपा तो त्याला धन देईल. तिसऱ्या खेपेस त्याचे दोन प्राणी मारून आपल्याकडे परतेल. लोभ आवरावा की धन घ्यावे, हा पेच प्रतिस्पर्ध्यापुढे उभा राहतो. कथेचा गाभा नियमात उतरला तो असा.

एक सावधगिरी मात्र हवी. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसॉनने (११७९-१२४१) आपल्या ‘एडा’ ग्रंथात तेजस्वी आल्फ व जमिनीखालचे काळे आल्फ असे दोन वर्ग केले. तो ख्रिस्ती काळातला लेखक. ही विभागणी कितपत जुनी, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. ‘मॅजिक’च्या २०२१ सालच्या ‘काल्डहाइम’ संचातही वनातले व सावलीतले असे आल्फ आहेत. खेळाला अशी जोडी सोयीची असते. पण सोय म्हणजे पुरावा नव्हे.

दुसऱ्यांच्या कथेतून उसने घेणे गैर नाही. मात्र नुसते नाव आणि कान उचलले, तर हाती मुखवटाच येतो. करणी उचलली, तर कथा पुन्हा जिवंत होते. वाचकांनी एखादी कथा निवडून किंमत, बळ आणि गुण स्वतः ठरवून पाहावेत. आपण ती कथा किती नीट वाचली, हे तेव्हाच कळेल.