वैद्यकीय शोधनिबंध : हस्तलिखिताची सिद्धता व संपादकाकडे सादरीकरण

डॉक्टरने रोग्यास दिलेले औषध त्या एका रोग्यापुरते असते. परंतु त्या औषधाची मात्रा, ते देण्याचे कारण व त्याचा परिणाम लिहून प्रसिद्ध झाला, म्हणजे ज्याने तो रोगी कधी पाहिलेला नाही असा शेकडो कोसांवरचा डॉक्टर त्या लेखावर विसंबून आपल्या रोग्यास तेच औषध देतो. लेख खरा असेल तर त्याचा गुण दूरवर पोहोचतो. खोटा असेल तर अपायही तितक्याच दूर जातो. शोधनिबंध लिहिण्याचे व तो नियतकालिकाकडे पाठविण्याचे जे नियम आज सर्वत्र मान्य आहेत, ते या एका गोष्टीतून निघालेले आहेत. वरवर पाहता ते कार्यालयीन नियमांसारखे रुक्ष वाटतात; पण त्यांच्या मागे रोगी उभा आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो.

रायपूर व नागपूर ही नगरे १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती. दोन्हीकडच्या डॉक्टरांपुढे येणारे कित्येक रोगही समान आहेत. सिकलसेल हा रक्तदोष त्यांपैकी प्रमुख होय. १९५८ साली शुक्ल व सोळंकी या दोघांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी एक लहानसे टिपण लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे १९६३ साली रायपूरला वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि २०१२ साली तेथे एम्सचेही शिक्षण सुरू झाले. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध लिहावाच लागतो, आणि त्यातून निदान एखादा निबंध छापून यावा अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. ही पुस्तिका आज शाळेच्या ग्रंथालयात वाचणाऱ्यांपैकी काहीजण उद्या त्या बाकांवर बसतील. त्यांना हा मार्ग आधीपासून ठाऊक असणे बरे.

उदाहरणासाठी आम्ही जो निबंध निवडला आहे, तो मोठ्या शहरातील मोठ्या संस्थेचा नाही. तो रायगड जिल्ह्यातील महाड या गावचा आहे. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसताना उत्तम संशोधन कसे लिहिले जाते, हे त्यावरून दिसते.

वही आधी, निबंध मागाहून

कोकणातील तांबडा विंचू चावला असता केवळ वेदनाच होतात असे नाही. त्याच्या विषाने शरीरातील उत्तेजक द्रव्ये एकदम रक्तात सुटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय थंड पडतात, दरदरून घाम सुटतो, वांत्या होतात. पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साठते व रोगी दगावतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा असे रोगी त्यांच्यापुढे येऊ लागले. त्यांनी रोग्यांची लक्षणे, नाडी, रक्तदाब व वेळ यांच्या नोंदी ठेवल्या. हृदयावर आघात होणार हे आधीच सुचविणारी लक्षणे कोणती, याविषयीचा त्यांचा निबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राझोसिन हे औषध त्या काळी रक्तदाबासाठी वापरात होते. आवळलेल्या रक्तवाहिन्या ते मोकळ्या करते. विंचूदंशात त्याचा उपयोग होतो, हे डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडले.

दंश व प्रसिद्धी यांच्या मध्ये वही आहे, हे येथे लक्षात घ्यावे. आठवणीवरून निबंध लिहिता येत नाही. जो रोगी बरा झाला तो आठवतो, आणि जो पुन्हा आलाच नाही तो विसरला जातो; मनुष्याच्या स्मृतीचा हा स्वभाव आहे. म्हणून नोंद त्याच दिवशी, तारीखवार व वेळेसह व्हावी आणि खाडाखोड झाल्यास मूळ अक्षर वाचता येईल अशीच व्हावी.

निबंधाची अंगे

वैद्यकीय निबंधाचे चार भाग रूढ आहेत : प्रस्तावना, पद्धती, निष्पन्न माहिती व चर्चा. प्रस्तावनेत प्रश्न सांगावयाचा असतो. तो एका वाक्यात सांगता आला नाही, तर लेखकालाच तो नीट समजलेला नाही असे खुशाल समजावे. महाडच्या ज्या निबंधाविषयी आम्ही बोलत आहोत, तो २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, आणि त्याचा प्रश्न खरोखरच एका वाक्याचा आहे : विंचूदंशाच्या रोग्यास केवळ प्राझोसिन देण्यापेक्षा प्राझोसिनबरोबर विंचवाचे प्रतिविषही दिल्यास तो लवकर बरा होतो काय?

पद्धतीचा भाग वाचकांस कंटाळवाणा वाटतो. जाणता परीक्षक मात्र प्रथम तोच उघडतो. कोणते रोगी घेतले, कोणते वगळले, कोणाला काय दिले, हे त्यात इतके स्पष्ट हवे की दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तोच प्रयोग पुन्हा करता यावा. महाडला ७० रोगी घेण्यात आले व त्यांचे ३५-३५ चे दोन गट पाडले गेले. कोणता रोगी कोणत्या गटात जावा, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेवर, म्हणजे जणू चिठ्ठ्या टाकून, ठरविले गेले. असे न केल्यास डॉक्टर नकळत हलक्या दुखण्याचे रोगी आपल्या आवडत्या उपचाराकडे ढकलतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्राझोसिन दोन्ही गटांना दिले गेले. ज्या औषधाने रोगी वाचतो हे आधीच कळलेले आहे, ते केवळ तुलनेसाठी अर्ध्या रोग्यांना नाकारणे हा अन्याय झाला असता.

कोणत्या रोग्याला प्रतिविष मिळाले हे या प्रयोगात डॉक्टर व रोगी या दोघांनाही ठाऊक होते. अशा प्रयोगास ‘खुला’ प्रयोग म्हणतात. त्यात थोडे उणेपण असते. कारण ज्याला उपचार ठाऊक आहे, त्याच्या डोळ्यांना सुधारणा किंचित लवकर दिसण्याचा संभव असतो. हे उणेपण लेखकांनी आत कोठेतरी बारीक अक्षरात लपविले नाही. प्रयोग खुला असल्याचे निबंधाच्या शीर्षकातच लिहिलेले आहे.

आता आकडे. प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ रोगी दहा तासांत लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ झाले. शेकड्यात हे प्रमाण सुमारे ९१ व २३ होते. मात्र ‘शेकडा ९१’ एवढेच लिहून थांबू नये. ३५ पैकी ३२ हा मूळ आकडा दिलाच पाहिजे. तीन रोग्यांपैकी दोन बरे झाले तरी शेकडा सदुसष्ट म्हणता येते, आणि त्यात वाचकाची फसवणूक होते. रोगी थोडे असतील तर खरे प्रमाण किती खालीवर असू शकेल, याची मर्यादाही द्यावी लागते. ३५ पैकी ३२ या आकड्यासाठी ती मर्यादा शेकडा ७७ ते ९८ अशी येते, म्हणजे बरीच रुंद. असे असूनही दुसऱ्या गटाचा आकडा तिच्या आसपासही पोहोचत नाही, आणि निष्कर्षाचे बळ त्यातच आहे.

प्राझोसिनशी ज्यांचे नाव चोवीस-पंचवीस वर्षे जोडले गेले होते, त्याच लेखकांनी येथे ‘एकट्या प्राझोसिनपेक्षा जोड-उपचार अधिक चांगला’ असे लिहून दिले आहे. आमच्या मते निबंधलेखनाच्या नीतीचा याहून चांगला पाठ क्वचितच मिळेल. जो निकाल आपल्या जुन्या मताला छेद देतो, तो दडपण्याचा मोह फार सूक्ष्म असतो. तो खोटे बोलायला सांगत नाही. निबंध टेबलाच्या खणात राहू द्यावा, एवढेच सुचवितो. हा मोह आवरता यावा म्हणूनच प्रयोगाची नोंदणी आधी करण्याची पद्धत निघाली. भारतात औषधोपचारांच्या प्रयोगांची राष्ट्रीय नोंदवही २००७ साली उघडण्यात आली. पहिला रोगी घेण्यापूर्वीच प्रश्न व मोजमाप तेथे लिहून ठेवले, म्हणजे मागाहून सोयीचे मोजमाप निवडता येत नाही.

रोग्याची संमती

संशोधन आरंभण्यापूर्वी संस्थेच्या नीतिसमितीची अनुमती घ्यावी लागते. निबंध लिहून झाल्यावर ती मागणे हा उलटा प्रकार होय. रोग्याची संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी. रायपूरच्या रुग्णालयात येणाऱ्या कित्येकांची घरची भाषा छत्तीसगढी असते, तर बस्तरकडून येणाऱ्यांची हलबी किंवा गोंडी. इंग्रजी कागदावर उमटविलेला अंगठा कागदोपत्री पुरेसा ठरेलही, पण तिला संमती म्हणता येणार नाही.

नाव गाळले म्हणजे रोग्याची ओळख गुप्त राहिली, असा एक समज आहे. गाव लहान आणि रोग दुर्मिळ असेल, तर वय, गाव व रुग्णालयात आल्याची तारीख एवढ्यावरून शेजारी रोग्यास ओळखतात. छायाचित्रातील डोळ्यांवर काळी पट्टी मारूनही ओळख लपत नाही. ती पद्धत आता सोडून देण्यात आली आहे. सिकलसेलसारख्या आनुवंशिक दोषाच्या बाबतीत तर एका रोग्याबरोबर त्याची बहीण, चुलतभाऊ व सारा समाज वाचकाच्या नजरेत येतो. विवाह जुळविताना अशा छापील माहितीचा काय उपयोग केला जाईल, याचा विचार लेखकाने करावा. समाजाचा उल्लेख उपचारासाठी आवश्यक असेल तरच करावा, आणि तो जपून करावा.

लेखक कोण?

महाडच्या निबंधावर दोनच नावे आहेत. पुष्कळ निबंधांवर दहा-दहा नावे असतात, आणि ते नेहमीच गैर असते असे नाही. मोठ्या कामास माणसे लागतात. परंतु विभागप्रमुख आहेत म्हणून, किंवा पुढच्या वेळी त्यांनीही आपले नाव घालावे म्हणून एखाद्याचे नाव घालणे हे दान नव्हे. ज्याने कामाची आखणी केली किंवा माहिती जमवून तिचा अर्थ लावला, ज्याने लेखनात वा दुरुस्तीत भाग घेतला, ज्याने अंतिम मसुदा वाचून मान्य केला आणि जो त्यातील प्रत्येक अक्षराबद्दल उत्तर देण्यास बांधलेला आहे, तो लेखक. या सर्व अटी एकाच व्यक्तीने पुऱ्या कराव्या लागतात. ज्यांनी केवळ साहाय्य केले त्यांचे आभार शेवटी मानावे. हल्ली मजकूर रचणारी संगणकीय साधने निघाली आहेत. त्यांना लेखक म्हणता येत नाही, कारण ती कशाचेही उत्तर देण्यास बांधलेली नसतात. वापर केला असल्यास तसे सांगावे.

उत्तर देण्याची ही अट केवळ शोभेची नाही. २०२० सालच्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये कोविडवरील एक निबंध आला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये व सुमारे ९६,००० रोगी असा त्यातील पसारा होता, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाने अपाय होतो असे त्यात म्हटले होते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाचा चालू प्रयोग काही दिवस थांबविला. मग वाचकांनी प्रश्न विचारले : या नोंदी कोठे आहेत? त्या एका खासगी कंपनीकडे होत्या, आणि कंपनीने त्या तपासणीसाठी दिल्या नाहीत. जूनच्या आरंभीच चारपैकी तीन लेखकांनी मूळ माहितीची खात्री देता येत नाही असे कळवून निबंध मागे घेतला. महाडच्या निबंधातील रोगी सत्तरच होते. पण लेखकांनी ते स्वतः पाहिले होते.

हितसंबंधांचेही असेच आहे. १९९८ साली त्याच नियतकालिकात १२ मुलांवरील एका लेखाने गोवराच्या संयुक्त लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविला. प्रमुख लेखकास लसउत्पादकांविरुद्ध दावा उभारणाऱ्या वकिलांकडून पैसे मिळत होते, ही गोष्ट संपादकांस सांगितलेली नव्हती. तो लेख २०१० साली रद्द झाला, पण मधल्या बारा वर्षांत कित्येक आईबापांनी लस नाकारली. पैसे घेतले हे सांगितल्याने निबंध आपोआप खोटा ठरत नाही. ते लपविल्याने मात्र संशयास जागा होते.

संपादकाकडे

निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावा. दोन ठिकाणी छापून आल्यास पुढे कोणी सर्व प्रयोगांची बेरीज करील, तेव्हा तेच रोगी दोनदा मोजले जातील आणि औषध आहे त्याहून गुणकारी भासेल. एकाच अभ्यासाचे तुकडे करून चार निबंध काढण्यातही हाच दोष आहे. सोबतच्या पत्रात निबंध अन्यत्र पाठविलेला नसल्याचे, सर्व लेखकांना तो मान्य असल्याचे, तसेच नीतिसमितीची अनुमती व हितसंबंध यांविषयी थोडक्यात लिहावे. त्या पत्रात स्वतःच्या कामाची स्तुती करू नये. संपादकांवर तिचा उलटाच परिणाम होतो.

नियतकालिक निवडताना सावध राहावे. शुल्क भरताच दोन दिवसांत ‘स्वीकृत’ म्हणून कळविणारी काही नियतकालिके केवळ पैशासाठी चालतात. प्रतिष्ठित नियतकालिकेही कधी कधी शुल्क घेतात, म्हणून शुल्कावरून परीक्षा करू नये. परीक्षकांनी निबंध खरोखर वाचला की नाही, यावरून करावी. परीक्षकांची टीका आली म्हणजे प्रत्येक मुद्द्यास क्रमाने उत्तर द्यावे. मुद्दा पटला नाही तर कारण देऊन तसे लिहावे. मुकाट्याने गाळू नये. निबंध नाकारला गेला तर टीकेप्रमाणे सुधारून दुसरीकडे पाठविण्यास काहीच हरकत नाही.

स्वीकृतीनंतर छपाईपूर्वीची प्रत तपासण्यासाठी येते. ती दोघांनी मिळून तपासावी : एकाने मूळ वहीतून आकडे मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने छापील तक्त्यावर बोट ठेवून ताडून पाहावे. औषधाच्या मात्रेतील दशांश चिन्हांवर विशेष लक्ष असू द्यावे.