गोष्टींतील माणसें व त्यांपासून मिळणारा बोध

मुलांस गोष्ट वाचून दाखविली, कीं बहुतेक शिक्षक एकच प्रश्न विचारतात, "तात्पर्य काय?" मुलेंहि पाठ केलेलें उत्तर देतात, "खरें बोलावें," "आळस करूं नये," आणि पुस्तक मिटतें. भाताच्या पेंढ्या न झोडतां रचून ठेवाव्या, तसेंच हें होय. दाणा आंतच राहतो. भोंगवलीच्या शेतकऱ्याच्या मुलास हा दृष्टांत समजावून सांगावयास नको.

बोध हा गोष्टीच्या शेवटीं चिकटविलेला कागद नव्हे; तो त्यांतील माणसांच्या वागणुकींत असतो. म्हणून आधीं माणसें ओळखलीं पाहिजेत. याकरितां साने गुरुजींचें 'श्यामची आई' हें पुस्तक घेऊं. गुरुजींनीं तें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें व १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. श्याम रोज रात्रीं आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री त्यांत आहेत.

त्यांपैकीं 'अळणी भाजी' ही गोष्ट पाहा. आई भाजींत मीठ घालावयास विसरते. वडील भाजीला नांव न ठेवतां जेवतात, आणि त्यांच्याकडे पाहून मुलेंहि गप्प राहतात. मागून आई जेवावयास बसते, तेव्हां तिला चूक कळते व ती हळहळते. येथें "तात्पर्य काय?" असें विचारिल्यास "अन्नास नांवें ठेवूं नयेत" एवढेंच उत्तर येईल. परंतु "वडील कां बोलले नाहींत?" असें विचारा. जिभेच्या सुखापेक्षां राबणाऱ्या बाईचें मन त्यांस मोलाचें वाटलें. मग विचारा, "कोणीं रागें भरलें नाहीं, तर आईस वाईट कां वाटलें?" दुसऱ्यांनीं क्षमा केली म्हणून तिनें स्वतःस मोकळें सोडलें नाहीं. एकाच भाजींतून दोन माणसें दिसलीं व दोन बोध मिळाले; आणि ते मुलांनीं स्वतः शोधून काढिले.

आतां दुसरी गोष्ट, 'देवाला सारी प्रिय'. एका वृद्ध महार बाईची लांकडांची मोळी खालीं पडते व तिला ती उचलवत नाहीं. आई श्यामास मदतीस धाडते. पण परत आल्यावर स्नान कर, असेंहि सांगते. पुष्कळ शिक्षक हें स्नान गाळून पुढें जातात. तसें करूं नये. वर्गांत ज्याच्या आजीनें अशीच मोळी वाहिली असेल, तो मुलगा तें वाक्य विसरत नाहीं. त्याला उघडपणें विचारूं द्यावें, "ही आई चांगली कीं वाईट?" उत्तर एका शब्दांत देतां येणार नाहीं. तिचें अंतःकरण रूढीच्या पुढें गेलें होतें. पाऊल मात्र अर्ध्यावर थांबलें होतें. खरीं माणसें बहुधा अशींच असतात. तें उरलेलें अर्धें पाऊल पुढें टाकणें हें मुलाचें काम होतें. ज्या लेखकानें ही आठवण लिहिली, त्यानेंच मे १९४७ मध्यें पंढरपुरास विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून प्राणांतिक उपोषण केलें.

तेव्हां गोष्ट शिकवितांना पुढील चार प्रश्न क्रमानें विचारावे:

१. ह्या माणसास काय पाहिजे आहे?
२. तो काय बोलतो, आणि प्रत्यक्ष काय करितो?
३. कोणत्या क्षणीं त्याचें मन पालटतें?
४. त्याच्या जागीं मी असतों, तर काय केलें असतें?

तात्पर्य सर्वांच्या शेवटीं विचारावें, आणि तें मुलानें आपल्या शब्दांत सांगावें. त्याचें उत्तर आपल्या उत्तराहून निराळें निघालें, तर लगेच खोडूं नये, "हें गोष्टींत कोठें दिसलें?" एवढेंच विचारावें. ज्याला ती जागा दाखवितां आली, त्याला गोष्ट समजली असें खुशाल समजावें.