छायाचित्रांचा शोध व साठवलेल्या चाळण्या

छायाचित्र काढणे आता सुलभ झाले आहे. काढलेले छायाचित्र हवे तेव्हा सापडणे मात्र तितके सुलभ नाही. शाळेच्या कपाटातील जुनी छायाचित्रे आणि अलीकडच्या स्नेहसंमेलनांची, सहलींची व क्रीडास्पर्धांची छायाचित्रे मिळून काही हजारांचा संग्रह संगणकावर लावण्याचे काम आमच्याकडे आले. त्यासाठी आम्ही 'लाइटरूम क्लासिक' हे सॉफ्टवेअर वापरले. त्यात जे शिकावयास मिळाले आणि जी एक चूक आमच्या हातून घडली, ती विद्यार्थ्यांपुढे ठेवावी असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

लाइटरूम २००७ साली प्रथम बाजारात आले. ते छायाचित्रे आपल्या पोटात घेत नाही. छायाचित्रे आपापल्या जागी राहतात. हे त्यांची केवळ नोंदवही ठेवते. ग्रंथालयात पुस्तके कपाटात व सूचीपत्रे खणात असतात, तसाच हा प्रकार. या नोंदी दोन तऱ्हांच्या असतात. एक कॅमेरा आपोआप करतो: दिवस, वेळ, भिंग, प्रकाशकाल इत्यादि. या नोंदीच्या पद्धतीस 'एक्झिफ' म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९५ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाली. दुसरी नोंद माणसाने करावयाची: मथळा, नावे, कीवर्ड, एक ते पाच तारे, रंगाची खूण.

येथेच पहिली अडचण उभी राहते. १९६३ सालचे वर्गाचे छायाचित्र आज स्कॅन केले, तर यंत्राच्या लेखी ते आजचेच! वर्ष निवडून शोध घेतला असता १९६३ च्या खणात काहीच मिळत नाही. खरे वर्ष माणसानेच लिहावे लागते. इंदूरकरांस हे नवे वाटू नये. राजा दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास याच शहरात सरकारी नोकरीत असता छायाचित्रणास आरंभ केला व पुढे हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार म्हणून कीर्ती मिळविली. त्यांच्या कितीतरी छायाचित्रांवर क्रमांक व स्थळाचे नाव घातलेले आढळते. कीवर्ड तो हाच; फक्त तो काचेवर लिहिलेला होता.

आता शोधाकडे वळू. शोधाच्या चौकटीत 'राम' असे लिहून 'समाविष्ट आहे' हा नियम निवडला, तर रामाबरोबर तुकाराम, सीताराम, रामदास हे सारे हजर होतात, आणि मथळ्यात 'आराम' हा शब्द असला तर तोही येतो. कारण यंत्र अर्थ पाहत नाही, अक्षरांची ओळ जुळवून पाहते. पूर्ण शब्दाचा नियम निवडावा म्हणजे ही गर्दी ओसरते. शब्दाच्या आधी उद्गारचिन्ह दिल्यास तो शब्द असलेली छायाचित्रे वगळली जातात. दोन शब्द दिले तर त्यांपैकी कोणताही एक चालेल की दोन्ही हवेत, हेही सांगावे लागते. 'आणि', 'किंवा', 'नाही' या तीन शब्दांचे बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. वरच्या वर्गातील विद्यार्थी संचांचा छेद व संयोग शिकतात, तेव्हा ते हेच शिकत असतात. लाइटरूममध्ये एकाच स्तंभात दोन वर्षे निवडली तर त्यांचा संयोग होतो. एका स्तंभात वर्ष व दुसऱ्यात कॅमेरा निवडला तर छेद होतो.

मराठीची म्हणून एक निराळी अडचण आहे. कुलकर्णी व कुळकर्णी हे यंत्राला दोन परके गृहस्थ. त्याहून गमतीची गोष्ट 'ॲथलेटिक्स'ची. यातील पहिले अक्षर संगणकावर दोन रीतींनी उमटते: स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा 'अ'वर अर्धचंद्र देऊन. स्वतंत्र अक्षरास युनिकोडमध्ये २००८ साली स्थान मिळाले. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण आतील सांकेतिक अंक वेगळे. आमच्याकडे दोघांनी दोन कळफलकांवर मथळे लिहिले होते. त्यामुळे धावण्याच्या शर्यतीची छायाचित्रे एकाच शोधात कधी पुरी सापडलीच नाहीत.

वारंवार लागणाऱ्या अटी एकत्र करून नाव देऊन ठेवता येतात. त्यास प्रीसेट म्हणतात. आम्ही तिला चाळणी म्हणू. चाळणीत छायाचित्रे साठत नाहीत, केवळ अटी साठतात; म्हणून उद्या भर पडलेले छायाचित्रही तिच्यातून चाळले जाते. तिचा दोषही यातच आहे. ती करतेवेळी जी जी अट चालू असेल ती तिच्यात मुकाट्याने जाऊन बसते, आणि महिन्याने आपणांस फक्त नाव आठवते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत अनेक वर्षे शिपाई असलेले एक वृद्ध गृहस्थ निवर्तले. त्यांचे चिरंजीव आले व म्हणाले, "सर, बाबांचा एकही धड फोटो घरी नाही. शाळेत असला तर बघा ना." आम्ही 'शिक्षक व सेवक' ही चाळणी लावली, त्यांचे नाव लिहिले. शून्य. नावाशिवाय सारी छायाचित्रे पाहिली, तरी ते दिसले नाहीत. "नाही हो," असे सांगून आम्ही त्यांना परत पाठविले.

रात्री मनाला स्वस्थता वाटेना. दुसऱ्या दिवशी चाळणी उलगडून पाहिली, तो तिच्यात 'किमान तीन तारे' ही अट! वार्षिकाकरिता चांगली छायाचित्रे निवडताना ती लावली होती, आणि तशीच राहून गेली होती. जुन्या स्कॅन केलेल्या छायाचित्रांना कोणी तारे दिलेच नव्हते. अट काढताच दोनशेवर छायाचित्रे पुढे आली. त्यांतील एकात, शिक्षकांच्या रांगेच्या टोकाला, हातात घंटेचा टोल धरून ते उभे होते. मथळ्यात बसलेल्या सर्वांची नावे होती, यांचे नव्हते. अर्थात तारे नसते अडले, तरी नावाने ते सापडले नसतेच.

छायाचित्र मोठे करून आम्ही त्यांच्या घरी नेऊन दिले. आता प्रत्येक चाळणीच्या नावातच तिच्या अटी लिहितो: 'शिक्षक व सेवक, ताऱ्यांविना'. आणि कडेला उभ्या असलेल्यांची नावे सांगण्यासाठी दोन निवृत्त शिक्षक दर शनिवारी दुपारी संगणकाशेजारी येऊन बसतात. १९७१ पर्यंतची छायाचित्रे झाली आहेत.