रूप एक, जाती अनेक

विद्यार्थी मित्रांनो, वहीवर उर्दूतील बे, पे आणि ते ही तीन अक्षरे लिहा. आता त्यांचे नुक्ते बोटाने झाका. तिन्ही अक्षरे सारखीच दिसतील. निसर्गातही असे घडते. दोन प्राणी अगदी सारखे दिसतात, पण त्यांच्या जाती वेगळ्या असतात. मग त्या ओळखायच्या कशा?

जाती ओळखण्याची जुनी पद्धत म्हणजे प्राण्याची बाह्यरचना पाहणे. रंग, आकार, पंख, पाय, दात यांचे बारकाईने निरीक्षण करायचे. भिंतीवर बसलेला डास पाहा. अ‍ॅनॉफिलीस डास शरीराचा मागचा भाग उचलून तिरका बसतो. क्यूलेक्स डास भिंतीला समांतर बसतो. हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

१८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे, म्हणजे मलेरियाचे, जंतू आढळले. तेव्हापासून डासांची अचूक ओळख हा माणसांच्या जिवाचा प्रश्न झाला.

भारतातील खेड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीज. ही एकच जाती आहे, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. पण काही भागांत हे डास भरपूर असूनही हिवताप कमी होता. असे का?

१९८० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी या डासांच्या गुणसूत्रांवरील पट्टे तपासले. तेव्हा कळले, की ही एक जाती नाही. पुढे एकूण पाच जाती सापडल्या. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे दिली. बाहेरून त्या सारख्याच दिसतात. मात्र भारतात बी जातीचे डास हिवताप फारसा पसरवत नाहीत. जेथे फक्त तेच डास आहेत, तेथे मोठी फवारणी केली तर औषध आणि पैसा वाया जातो. तेच औषध दुसऱ्या गावात एखाद्या मुलाचा जीव वाचवू शकते.

आता अशा डासांची जाती डीएनएवरून ओळखता येते. डीएनए सजीवांच्या पेशींत असते. त्यातील चार घटकांना ए, टी, जी, सी ही अक्षरे दिली आहेत. प्रत्येक जातीत या अक्षरांच्या क्रमात काही फरक असतो. हेच त्या जातीचे नुक्ते! तपासणीला डासाचा एक पायही पुरतो.

मग जुनी पद्धत सोडून द्यावी का? नाही. अलास्काच्या अ‍ॅडमिरल्टी, बारानोफ आणि चिचागोफ बेटांवर तपकिरी अस्वले राहतात. आईकडूनच मिळणारे त्यांचे डीएनए तपासले, तेव्हा ते इतर तपकिरी अस्वलांपेक्षा पांढऱ्या ध्रुवीय अस्वलांशी अधिक जुळले. तेवढ्यावरच निकाल दिला असता, तर तो चुकला असता. रूप आणि राहणी पाहता ती तपकिरी अस्वलेच होती. पुढे त्यांचे संपूर्ण डीएनए वाचले, तेव्हाही हेच ठरले. पूर्वी या दोन जातींचा संकर झाला होता. त्याची ती खूण होती.

शिवाय डीएनएची अक्षरे वाचली, तरी ती कोणाची हे सांगायला आधी नीट ओळखलेला नमुना लागतो. तो नमुना पारखणारी नजर निरीक्षणानेच तयार होते. म्हणून मित्रांनो, एकाच पुराव्यावर घाईने निर्णय देऊ नका. डोळे उघडे ठेवा आणि तपासही करा.

शब्दार्थ
बाह्यरचना – शरीराची बाहेरची ठेवण
संकर – दोन वेगळ्या जातींचे मिश्रण
नमुना – तपासण्यासाठी घेतलेली वस्तू
पारखणे – नीट तपासून ओळखणे

स्वाध्याय
१. अ‍ॅनॉफिलीस आणि क्यूलेक्स डास बसताना कसे वेगळे दिसतात?
२. डासांची जाती ओळखणे का महत्त्वाचे आहे?
३. अलास्कातील अस्वलांच्या उदाहरणातून काय शिकायला मिळते?
४. मोर आणि लांडोर वेगळे दिसतात, तरी त्यांची जाती एकच आहे. असे का, ते पाच ओळींत लिहा.