उघड्यावरची चूल : तीन ऋतूंसाठी तीन मांडण्या

प्रस्तावना

घरोघरी स्वयंपाकाचा गॅस पोहोचला असला, तरी शेतशिवारातील उघड्यावरची चूल विझलेली नाही. ऊसतोडणीसाठी बीड जिल्ह्यातून निघालेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात फडाशेजारी कोपी उभारतात व पुढील पाच-सहा महिने तेथेच रांधतात. मेंढपाळांच्या वाड्याचा मुक्काम बदलतो, तशी त्यांची चूलही जागा बदलते. सुगीच्या मजुरांचे जेवण, हिवाळ्यातील हुरडा, रायगडची पोपटी आणि कृषी पर्यटन केंद्रांवरील चुलीवरचे जेवण ही सर्व याच अग्नीची रूपे होत.

ही चूल इतकी परिचयाची आहे, की विस्तार कार्यात तिचा विचार क्वचितच होतो. तथापि सरपणासाठी होणारी पायपीट, रांधणाऱ्या स्त्रीच्या छातीत जाणारा धूर आणि उन्हाळ्यात एका ठिणगीने पेटणारी कडब्याची गंजी या तिन्ही बाबी या चुलीशी निगडित आहेत. प्रस्तुत पाठाचा मुख्य मुद्दा असा की, ऋतू बदलला म्हणजे चुलीतील उष्णता वाया जाण्याचे प्रमुख कारण बदलते आणि धोकाही बदलतो. म्हणून चुलीची जागा, तिचे तोंड आणि जळण हीदेखील ऋतूनुसार बदलली पाहिजेत.

१. बंगळुरूमधील अभ्यासाचा धडा

बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्रा. अमूल्य कुमार एन. रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाचा उपयोग करणारा 'अस्त्र' हा गट स्थापन झाला. तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावी या गटाने ऊर्जेच्या वापराची पाहणी केली. गावातील ऊर्जेचा सर्वांत मोठा वाटा शेतीपंपांना किंवा दिव्यांना जात नसून स्वयंपाकाला जातो आणि तो मुख्यतः लाकडातून येतो, हे त्या पाहणीत स्पष्ट झाले. त्यानंतर १९८०च्या दशकाच्या प्रारंभी याच गटाने 'अस्त्र ओले' ही सुधारित चूल विकसित केली. कन्नड भाषेत 'ओले' म्हणजे चूल. मराठी वाचकाने तिचा संबंध ओल्या लाकडाशी जोडू नये.

या चुलीत बंदिस्त जाळखोली, जळणाखाली हवा देणारी जाळी, तीन भांड्यांसाठी ओळीने केलेल्या खाचा आणि धुराडे अशी रचना होती. पहिल्या भांड्याखालून निघालेले तप्त वायू दुसऱ्या व तिसऱ्या भांड्याला लागून मगच बाहेर पडत. आपल्या पारंपरिक चुलीच्या वैलामागेही हाच विचार आहे. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेपैकी साधारणतः १० ते १५ टक्के उष्णताच भांड्यात उतरते. नीट बांधलेल्या बंदिस्त चुलीत हा वाटा सुमारे एकतृतीयांशापर्यंत जाऊ शकतो.

शेतावर धुराड्याची चूल नेता येत नाही. परंतु त्या चुलीमागील तीन तत्त्वे नेता येतात : हवा मोजकी द्यावी, तप्त वायू भांड्याला लगटून जाऊ द्यावेत आणि जळण कोरडे व बारीक असावे.

२. उष्णता कोठे जाते?

पुढील आकडे विस्तार कार्यकर्त्यांनी समजून घ्यावेत.

• पूर्ण कोरड्या लाकडाच्या १ किलोत सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता असते. उन्हात वाळलेल्या, १५ टक्के ओलावा असलेल्या लाकडातून सुमारे १५ मेगाज्यूल मिळते. ओलावा ४० टक्के असल्यास ती १० मेगाज्यूलच्या खाली येते, कारण वजनातील मोठा भाग पाण्याचा असतो आणि त्या पाण्याची वाफ करण्यातही उष्णता खर्च होते.

• १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीस आणण्यास सुमारे ३०० किलोज्यूल लागतात. तेच १ लिटर पाणी वाफ होऊन उडाले, तर सुमारे २,२६० किलोज्यूल, म्हणजे सातपटींहून अधिक उष्णता जाते. १२ टक्के कार्यक्षमतेच्या चुलीत याचा अर्थ सुमारे सव्वा किलो कोरडे लाकूड होतो. झाकण न ठेवता डाळ खळखळ उकळत ठेवणे किती महाग पडते, हे यावरून दिसते.

• बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथे पाणी सुमारे ९७ अंशांवर उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ व कडधान्ये शिजण्यास किनारपट्टीपेक्षा अधिक वेळ लागतो. आपल्या घाटमाथ्यावरील उंच गावांनाही हे लागू आहे. उकळी आल्यावर जाळ वाढवला, तरी पाण्याचे तापमान वाढत नाही, केवळ वाफ वाढते. म्हणून कडधान्ये आधी भिजवावीत, झाकण ठेवावे आणि उकळीनंतर एक-दोन लाकडे मागे ओढावीत. शक्य तेथे प्रेशर कुकर वापरावा.

३. पावसाळा : ओलाव्याशी सामना

या ऋतूत उष्णतेचा मोठा भाग लाकडातील पाणी उडवण्यात जातो. अर्धवट जळणारे लाकूड धूरही अधिक सोडते. महाराष्ट्रात हा काळ मुख्यतः जून ते सप्टेंबर असतो. बंगळुरू परिसरात ऑक्टोबरमध्येही भरपूर पाऊस पडत असल्याने तो आणखी लांबतो.

• पावसाळ्याचे जळण फेब्रुवारी ते मे या काळात तयार करावे. लाकडे फोडून अंगठ्याएवढी ते मनगटाएवढी जाडी ठेवावी. साल असलेला अखंड ओंडका आतून लवकर वाळत नाही.

• रास दगडांवर किंवा फळ्यांवर, जमिनीपासून उचलून रचावी. वरून झाकावे, परंतु बाजू मोकळ्या ठेवाव्यात. ताडपत्रीत सर्व बाजूंनी गुंडाळलेले लाकूड घामेजते.

• दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाहावीत. खणखणीत आवाज आल्यास ती वाळलेली, बद्द आवाज आल्यास ओलसर समजावीत.

• पेटवणासाठी तुराट्या, नारळाची सोडणे, करवंट्या किंवा मक्याची बुरकुंडे कोरड्या डब्यात राखून ठेवावीत. रॉकेल अथवा पेट्रोल ओतून जाळ पेटवू नये.

• चूल ओल्या जमिनीवर न मांडता विटांच्या थरावर मांडावी. ओढ्यातून काढलेले भिजलेले दगड चुलीला लावू नयेत. आतील पाण्याची वाफ होऊन असे दगड तडकतात व त्यांचे तुकडे उडतात.

• आडोसा आवश्यक असल्यास छप्पर उंच व किमान दोन बाजूंनी मोकळे असावे. विजा चमकत असताना झाडाखाली चूल मांडू नये.

दख्खनच्या पठारावर या काळात वारा बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून जोराने वाहतो. चुलीचे तोंड थेट या वाऱ्याकडे असल्यास जाळ मोठा दिसतो, पण तो भांड्याखालून पलीकडे वाकतो आणि जादा थंड हवा उष्णता घेऊन जाते. म्हणून जोराच्या वाऱ्यात तोंड उत्तरेस किंवा दक्षिणेस, म्हणजे वाऱ्याला आडवे ठेवावे आणि पश्चिमेस विटांचा वा पत्र्याचा आडोसा करावा.

४. हिवाळा : थंड भांडे आणि खाली बसणारा धूर

थंडीत पाणीच थंड असते. १५ अंशांचे पाणी उकळीस आणण्यास २८ अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे एकपंचमांश अधिक उष्णता लागते. भांड्याच्या बाजूंवरूनही उष्णता वेगाने जाते. त्यासाठी भांड्याभोवती विटा-मातीचे कडे करावे आणि कडे व भांडे यांत बोटभर, म्हणजे सुमारे १ ते दीड सेंटिमीटर फट ठेवावी. या फटीतून तप्त वायू भांड्याला लगटून वर जातात. फट फार अरुंद झाल्यास जाळ गुदमरतो, फार रुंद झाल्यास उपयोग होत नाही.

हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो. जमिनीलगतची हवा थंड व वरची तुलनेने उबदार असल्याने धूर वर न जाता अंगणातच पसरतो. ऊसतोड कुटुंबांतील स्त्रियांचा स्वयंपाक नेमका याच वेळी होतो. रात्री सरपण दवापासून झाकून ठेवणे, पहाटे बारीक कोरड्या काड्यांचा छोटा जाळ करणे आणि चुलीचे तोंड मंद वाऱ्याकडे, म्हणजे बहुधा पूर्वेस किंवा ईशान्येस ठेवणे या उपायांनी धूर कमी होतो. लहान मुलांना चुलीजवळ झोपवू नये.

येथे एक गंभीर इशारा आवश्यक आहे. उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी बंद कोपीत, तंबूत किंवा खोलीत नेऊ नये. धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू निघतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे होत. झोपेत ती लक्षातही येत नाहीत व मृत्यू ओढवू शकतो. असे लक्षण दिसताच व्यक्तीस मोकळ्या हवेत आणून त्वरित रुग्णालयात न्यावे.

हिवाळी पदार्थांना अग्नीही वेगवेगळा लागतो. गुळभेंडी, सुरती किंवा फुले उत्तरा या वाणांच्या ज्वारीचा हुरडा आगटीत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर व गरम राखेत भाजावा. जाळावर धरल्यास कणीस बाहेरून करपते व दाणा कच्चा राहतो. याउलट पोपटीसाठी वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेल्या मडक्यास सर्व बाजूंनी सुमारे अर्धा तास जाळ द्यावा लागतो. त्यात वेगळे पाणी घालत नाहीत. पाला व शेंगांतील ओलाव्याच्या वाफेवरच शेंगा शिजतात.

५. उन्हाळा : ठिणगीचा धोका

उन्हाळ्यात जळण कोरडे असते, त्यामुळे ते भरभर जळते आणि गरजेपेक्षा अधिक टाकले जाते. परंतु या ऋतूतील मुख्य प्रश्न आगीचा आहे.

बंगळुरू परिसरात हिवाळ्यातील 'अवरेकाई' अत्यंत लोकप्रिय आहे. ती व कोकणातील वाल ही एकाच वनस्पतीची रूपे होत. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचे 'हेब्बाळ अवरे' वाण आणि भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का जय' व 'अर्का विजय' हे वाण दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसल्याने हिवाळ्याबाहेरही शेंगा देतात. शेतकऱ्यासाठी ही चांगली संधी आहे. मात्र शेंगा एप्रिलमध्ये मिळाल्या, म्हणून पालापाचोळ्याच्या मोठ्या जाळावरची पोपटीही एप्रिलमध्ये शिवारात लावणे योग्य ठरत नाही. त्या काळात त्या शेंगा बंदिस्त चुलीवर शिजवाव्यात.

• स्वयंपाक वारा सुटण्यापूर्वी, सकाळी लवकर आटोपावा. दुपारी वावटळी उठतात.

• चूल वीतभर खोल खड्ड्यात मांडावी. भोवतालचे गवत व पाचट खरवडून काढावे आणि जमीन शिंपडून घ्यावी.

• गंजी, उभा ऊस, पक्व गहू किंवा कोपी यांच्या वाऱ्याखालील बाजूसच चूल असावी, म्हणजे ठिणग्या त्यांच्याकडे जाणार नाहीत. तरीही भरपूर अंतर राखावे.

• पाण्याची बादली, माती व फावडे हाताशी ठेवल्याशिवाय काडी ओढू नये.

• विझवताना पाणी ओतावे, राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे. राखेवर हात धरून ऊब लागत नाही, याची खात्री झाल्यावरच जागा सोडावी. गोवरीचा निखारा राखेखाली अनेक तास जिवंत राहतो.

• राखीव वनात आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

६. सर्व ऋतूंत पाळावयाचे नियम

• कण्हेर, रंग दिलेले लाकूड, प्लॅस्टिक, रबर, तसेच कीटकनाशकांची खोकी व डबे जाळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो.

• रांधणाऱ्याने वाऱ्याच्या बाजूस किंवा कडेला बसावे, धुराच्या वाटेत बसू नये. लोंबता पदर खोचून घ्यावा.

• भाजल्यास त्या भागावर सुमारे २० मिनिटे साधे, स्वच्छ वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तेल लावू नये.

• उकळी आलेले भांडे झाकणासह पेंढा भरलेल्या पेटीत ठेवल्यास भात व भिजवलेली मूगडाळ उरलेल्या उष्णतेवर शिजतात. अन्न गरम असतानाच वाढावे.

७. विस्तार कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावात दोन चुली मांडाव्यात : एक तीन दगडांची उघडी, दुसरी आडोसा व कडे असलेली. दोन्हींवर सारख्या भांड्यांत, झाकणासह, ५ लिटर पाणी ठेवावे. एकाच ढिगातील वाळलेले लाकूड आधी व नंतर तोलावे. पाणी २५ अंशांचे धरल्यास त्यास उकळी आणण्यासाठी सुमारे १,५०० किलोज्यूल लागतात. लाकूड ८४० ग्रॅम लागल्यास कार्यक्षमता सुमारे १२ टक्के व ५०० ग्रॅम लागल्यास सुमारे २० टक्के समजावी. उरलेल्या कोळशाचा हिशेब यात धरलेला नाही, तरी तुलनेसाठी हे पुरेसे आहे. प्रात्यक्षिकात जाळ सांभाळण्याचे काम नेहमी रांधणाऱ्या व्यक्तीकडेच द्यावे व तिच्या सूचना नोंदवून घ्याव्यात. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू होऊन २००२ पर्यंत चालला. जेथे चुलीची मापे बिघडली, दुरुस्ती झाली नाही किंवा वापरणाऱ्या स्त्रीची सोय पाहिली गेली नाही, तेथे त्या चुली मागे पडल्या, हा त्यातील धडा विसरता कामा नये.

सारांश

पावसाळ्यात जळण कोरडे राखावे, हिवाळ्यात भांड्याची ऊब आणि माणसाचा श्वास राखावा, उन्हाळ्यात शिवार राखावे. यासाठी लागणारे साहित्य म्हणजे काही विटा, माती, एक झाकण आणि वेळेवर फोडून ठेवलेले सरपण इतकेच आहे.

उजळणीसाठी प्रश्न

१. ओलावा ४० टक्के असलेल्या लाकडाची उष्णता इतकी कमी का होते?
२. पावसाळ्यात व हिवाळ्यात आपल्या गावात चुलीचे तोंड कोणत्या दिशेस असावे?
३. धूर नसलेली निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत धोकादायक का ठरते?
४. आपल्या शिवारात उन्हाळ्यात चूल मांडण्यास सर्वांत सुरक्षित जागा कोणती, ते वाऱ्याची दिशा पाहून ठरवा.