पिनकोडाइतके एक

विद्यार्थिनी: सर, धाराशिवचा पिनकोड ४१३५०१. समजा १ हा अंक तितक्या वेळा ओळीने लिहिला, तर ती संख्या मूळ की संयुक्त? एवढ्या मोठ्या संख्येला भाग तरी कसा देऊन बघायचा?

सर: भाग देऊन बघायची गरजच नाही. संख्या संयुक्त आहे. तिची बांधणी बघ, म्हणजे कळेल. आधी पिनकोडच घे. एकाआड एक अंक मिळवले, तर ४, ३, ० यांची बेरीज ७ येते, १, ५, १ यांचीही ७. फरक शून्य, म्हणजे ११ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ३७५९१ येतो. आता ओळीतल्या एकांचे अकरा-अकराचे गट पाड. बरोबर ३७५९१ गट पडतात, एकही अंक उरत नाही. सगळे गट सारखेच, फक्त स्थानं वेगळी. म्हणून अकरा एकांच्या संख्येने मोठ्या संख्येला भाग जाणारच. छोट्या मापात हेच बघायचं तर ११११११ = ११ × १०१०१. अकरा एकांची संख्या म्हणजे २१६४९ × ५१३२३९; हा गुणाकार वहीत करून बघ. यातला २१६४९ हाच आपल्या राक्षसी संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव.

विद्यार्थिनी: सर्वांत लहान हाच, हे कशावरून? शेवटी १ आहे म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४१३५०१, तिला ३ ने भाग जात नाही. एकांची संख्या विषम, म्हणून ११ ही बाद. पण ७, १३, १७ आणि पुढचे हजारो?

सर: ते एका फटक्यात बाद होतात. एखाद्या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो असं धर. १०, १००, १००० अशा घातांना तिने भागत गेलं, की बाकी १ ठरावीक टप्प्यांनी येत राहते. या टप्प्याची लांबी ४१३५०१ ची विभाजक असावीच लागते: १, ११, ३७५९१ किंवा खुद्द ४१३५०१. लांबी १ असेल तर ती संख्या ३, आणि तिला तू आत्ताच बाद केलंस. लांबी ११ असेल तर वरच्या दोघांपैकी एक. बाकी दोन लांबींसाठी फर्माचं प्रमेय आहे: मूळ संख्येतून १ वजा केला, की त्याला टप्प्याच्या लांबीने भाग जातो. वजाबाकी समही असते, म्हणून असा अवयव किमान ७५१८३ तरी हवा. मधे दुसरं कुणी बसूच शकत नाही.

विद्यार्थिनी: पण हा दशमान पद्धतीचा खेळ झाला. पाया बदलला की संपला.

सर: पाया आठ घे, बारा घे, गट तसेच पडतात. अवयव बदलतील, संयुक्तपणा हटणार नाही. हाच आक्षेप देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्यावर घेतला गेला. अंकांच्या गमती म्हणून त्यांचं काम अनेकांनी बाजूला सारलं, हा मला अन्याय वाटतो. त्यांच्या डेम्लो संख्यांपैकी १२३४५६७८९८७६५४३२१ बघ. हा नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आहे. नवापेक्षा मोठ्या कोणत्याही पायात वर्गाची हीच अंकरचना येते, कारण तिच्यामागे बीजगणित आहे. दशमान पद्धतीत दहा एकांचा वर्ग केला की हातचे येतात आणि डौल मोडतो. बीजगणित तेच राहतं.

विद्यार्थिनी: मग एकांची संख्या मूळ असेल, तर ओळही मूळ का?

सर: नाही. तीन एक म्हणजे ३ × ३७. एकोणीस एकांची ओळ मात्र मूळ आहे. ३१७ एकांची ओळ मूळ असल्याचं १९७० च्या दशकात सिद्ध झालं, १०३१ एकांची १९८६ मध्ये, म्हणजे कापरेकर गेले त्याच वर्षी. ३७५९१ ही स्वतः मूळ संख्या, तरी तितक्या एकांची ओळ मूळ नाही, हे संगणकाच्या शोधातून ठरलं आहे. तिथे गट पाडून काहीच हाती लागत नाही. तिचे अवयव शोधायचे तर ७५१८२ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्याच तपासायच्या: ७५१८३, १५०३६५, २२५५४७ आणि पुढे.